छिन्नी, दारू आणि जिलेटीन : औद्योगिक स्फोटकांचा इतिहास आणि जुन्नर–आंबेगावचा कातळ

१. प्रस्तावना

स्फोटकांचा इतिहास म्हटला की युद्धाचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. तोफा, बुरूज, वेढे आणि बाँब यांच्या वर्णनांनी आपली इतिहासाची पाठ्यपुस्तके भरलेली आहेत. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जगात जी स्फोटके तयार झाली, त्यांचा फार मोठा भाग शांततेच्या कामी खर्च झाला. खाणी, बोगदे, रेल्वेमार्ग, रस्ते, धरणे, कालवे आणि विहिरी यांसाठी वापरल्या जाणाऱ्या या स्फोटकांना 'औद्योगिक स्फोटके' अशी संज्ञा आहे. आधुनिक अर्थव्यवस्थेचा भौतिक पाया या पदार्थांनी खोदला असला, तरी इतिहासलेखनात त्यांना मिळालेली जागा अल्प आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. येथे स्फोटकांचा मोठा कारखाना नाही. परंतु कातळ फोडण्याच्या मानवी प्रयत्नांचे तीन कालखंड या भूप्रदेशावर एकावर एक कोरलेले दिसतात. पहिला छिन्नी-हातोड्याचा, दुसरा बंदुकीच्या दारूचा आणि तिसरा रासायनिक स्फोटकांचा होय. प्रस्तुत निबंधात औद्योगिक स्फोटकांच्या निर्मितीचा इतिहास थोडक्यात मांडून तो या परिसराशी जोडून पाहिला आहे. स्फोटके बनविण्याच्या व साठविण्याच्या बाजूला सुरक्षिततेची जेवढी प्रगती झाली, तेवढी ती खडकाशी प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचली नाही. आणि या माणसाचा इतिहास लिहिला न जाणे हेही त्या विषमतेचेच एक अंग आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. दारूपूर्वीचा कातळ

सह्याद्रीचा हा प्रदेश दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. काळा, घट्ट पाषाण आणि त्यामानाने मऊ, सच्छिद्र थर यांची येथे आलटून पालटून मांडणी आढळते. जुन्नरभोवतीच्या तुळजालेणी, मानमोडी, शिवनेरी व लेण्याद्री येथील लेणीसमूह याच खडकात कोरले गेले. प्राचीन व्यापारी मार्गावरील नाणेघाट हा तर डोंगरकडा फोडून काढलेला रस्ता होय. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे.

या सर्व कामांत स्फोटकाचा कण नव्हता. खडकाची नैसर्गिक भेग, लोखंडी छिन्नी, हातोडा आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कौशल्य यांवर ते उभे राहिले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. छिन्नीने काम करणारा कारागीर खडकाचा जेवढा भाग काढावयाचा तेवढाच काढतो. कामाचा वेग संथ असतो, पण त्यावरील नियंत्रण संपूर्ण असते. स्फोटकांच्या आगमनानंतर वेग अनेक पटींनी वाढला आणि नियंत्रणाचा प्रश्न निर्माण झाला. औद्योगिक स्फोटकांचा पुढील सारा इतिहास हा या गमावलेल्या नियंत्रणाच्या शोधाचा इतिहास आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

३. दारूखाना : साठवणुकीचे शास्त्र

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून बनणारी काळी दारू हे मानवाला ज्ञात असलेले पहिले स्फोटक होय. चीनमध्ये उगम पावलेले हे ज्ञान मध्ययुगात भारतात रुजले. भारतातील, विशेषतः बिहारमधील, सोऱ्याला युरोपीय व्यापारी कंपन्यांकडून मोठी मागणी होती. मराठेशाहीत प्रत्येक महत्त्वाच्या किल्ल्यावर दारूचा साठा असे. मुंबईत रे रोड परिसराला आजही चिकटून असलेले 'दारूखाना' हे नाव अशाच साठवणुकीच्या व्यवस्थेची आठवण देते.

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्य यांच्या इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गविषयक प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. दारूखाना राहत्या घरांच्या जवळ नसावा, दारू तळघरात ठेवावी, ठराविक दिवसांनी अधिकाऱ्याने स्वतः येऊन ती बाहेर काढवून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून बंदोबस्तात ठेवावी, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. वस्तीपासूनचे अंतर, आर्द्रतेपासून बचाव, नियमित तपासणी आणि जबाबदार अधिकाऱ्याची मोहोर ही चार तत्त्वे त्यांतून स्पष्ट होतात. आजच्या स्फोटक नियमांतील साठागृहविषयक तरतुदींचा गाभाही हाच आहे. स्फोटकाच्या सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे केवळ इंग्रजी कायद्याबरोबर आला, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

याच दारूचा दुसरा उपयोग जुन्नरच्या किल्ल्यांनी १८१८ मध्ये अनुभवला. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांनी जुन्नर परिसरातील दुर्ग जिंकून घेतले आणि ते पुन्हा लढाऊ उपयोगात येऊ नयेत म्हणून चढण्याच्या वाटा सुरुंगांनी उद्ध्वस्त केल्या. चावंड व जीवधन या किल्ल्यांच्या तुटलेल्या पायऱ्या आजही गिर्यारोहकांची परीक्षा पाहतात. छिन्नीने घडविलेल्या पायऱ्या दारूने क्षणात उडविल्या गेल्या. या परिसरातील खडकावर दारूचा वापर झाल्याच्या ठळक खुणा अशा प्रकारे राजकीय स्वरूपाच्या आहेत. उत्पादक कामासाठी दारूचा प्रचंड वापर सह्याद्रीत त्यानंतर चार दशकांनी, जुन्नरच्या दक्षिणेस, झाला.

४. बोरघाट : काळ्या दारूचे महत्कार्य

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बोरघाटातील मार्गाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार या घाटात पंचवीस बोगदे खोदण्यात आले. पहिले कंत्राटदार फॅविएल यांनी काम अर्ध्यावर सोडले. त्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये, भारतात पोहोचल्यावर अल्पकाळातच, मृत्यू पावले आणि कंत्राटाची जबाबदारी त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी स्वीकारली. काम ऐन भरात असताना मजुरांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली होती.

या कामाचा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. नोबेलचे डायनामाइट १८६७ चे. म्हणजे बोरघाटातील सर्व बोगदे काळ्या दारूने खोदले गेले. पहार आणि घण यांच्या साहाय्याने हाताने छिद्र पाडावयाचे, त्यात दारू ठासावयाची, वात लावावयाची आणि दूर पळावयाचे, असा तो क्रम होता. कड्याच्या तोंडाशी काम करणारे मजूर अनेकदा दोरांना लोंबकळत छिद्रे पाडीत. सुरुंग, दरडी आणि त्यांहूनही अधिक पटकीसारखे साथीचे रोग यांनी असंख्य मजुरांचे बळी घेतले. अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे आपल्याला ज्ञात आहेत. ज्यांनी वात पेटविली त्यांची नावे ज्ञात नाहीत.

वातीचाही स्वतंत्र इतिहास आहे. कॉर्नवॉलमधील विल्यम बिकफर्ड यांनी १८३१ मध्ये 'सुरक्षित वाती'चे पेटंट घेतले. तागाच्या सुतात दारूची बारीक धार गुंडाळून केलेली ही वात ठराविक वेगाने जळत असे. त्यापूर्वी गवताच्या काड्या वा पिसांच्या नळ्या वापरल्या जात आणि त्यांच्या जळण्याचा काहीही भरवसा नसे. खाणमजुरांचे अपघात पाहून बिकफर्ड या शोधाकडे वळले. औद्योगिक स्फोटकांच्या इतिहासातील हा मोठा सुरक्षा-शोध वापराच्या बाजूने, मजुराच्या गरजेतून जन्मास आला, ही बाब प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

५. नायट्रोग्लिसरीनपासून इमल्शनपर्यंत

इटालियन रसायनशास्त्रज्ञ अस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीनचा शोध लावला. हा द्रव काळ्या दारूपेक्षा कितीतरी शक्तिमान होता, पण किंचित धक्क्यानेही उडत असे. सप्टेंबर १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळील हेलेनेबोर्ग येथे नोबेल कुटुंबाच्या कार्यशाळेत झालेल्या स्फोटात आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल याच्यासह अनेक जण मृत्यू पावले. पुढे नोबेल यांनी हा द्रव 'कीसेलगूर' नावाच्या सच्छिद्र मातीत शोषवून हाताळण्यायोग्य केला. हेच १८६७ चे डायनामाइट. त्यापूर्वीच त्यांनी स्फोट घडवून आणणारी स्वतंत्र टोपी, म्हणजे डिटोनेटर, तयार केली होती. मुख्य स्फोटक आणि त्याला चेतविणारा पदार्थ वेगळे ठेवावयाचे, ही या शोधामागील कल्पना डायनामाइटइतकीच क्रांतिकारक होती. १८७५ मध्ये नोबेल यांनी स्फोटक जिलेटीन शोधले आणि त्यातूनच पुढे खेड्यापाड्यांत 'जिलेटीनच्या कांड्या' म्हणून परिचित झालेली स्फोटके विकसित झाली.

नायट्रोग्लिसरीनयुक्त कांड्यांचे दोष मात्र कायम राहिले. जुन्या कांड्यांतून द्रव पाझरत असे आणि अशा 'घामेजलेल्या' कांड्या अत्यंत धोकादायक ठरत. कांड्या हाताळणाऱ्या कामगारांना तीव्र डोकेदुखी होई, कारण हा पदार्थ त्वचेवाटे शरीरात जाऊन रक्तवाहिन्या प्रसरण पावतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमोनियम नायट्रेट हे खत या उद्योगाच्या केंद्रस्थानी आले. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात या खताने भरलेल्या जहाजाचा भीषण स्फोट झाला आणि त्यातील सुप्त शक्ती जगाला कळली. पुढील दशकात इंधन तेल मिसळलेले अमोनियम नायट्रेट खाणींमध्ये रूढ झाले. त्यापाठोपाठ पाणीमिश्रित स्लरी आणि नंतर इमल्शन स्फोटके आली. आग आणि धक्का यांना सहजी दाद न देणारी आणि स्वस्त, अशी ही स्फोटके होती. उत्पादनाच्या दृष्टीने पाहता एका शतकात या उद्योगाने फार मोठी मजल मारली.

६. भारतातील उत्पादन आणि कायदा

पुणे शहराचा स्फोटकांशी संबंध जुना आहे. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथेच उच्च स्फोटक कारखाना उभा राहिला. पुढे पुण्यात स्फोटकांवरील संरक्षण संशोधन संस्थाही विकसित झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे कंपन्यांत रूपांतर झाल्यावर दारूगोळा निर्मितीसाठीच्या 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'चे मुख्यालयही पुण्यातच आले. हा सर्व पसारा प्रामुख्याने लष्करी आहे.

औद्योगिक स्फोटकांची निर्मिती देशात उशिरा सुरू झाली. स्वातंत्र्यापर्यंत ही स्फोटके बहुतांशी आयात होत. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या सहभागातून आजच्या झारखंडमधील गोमिया येथे १९५८ मध्ये सुरू झालेला इंडियन एक्स्प्लोझिव्ह्जचा कारखाना हा या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा होय. कोळसा खाणींच्या सान्निध्यामुळे नंतर नागपूर परिसर या उद्योगाचे मोठे केंद्र बनला. तेथील सोलर समूहाची स्थापना १९९५ ची आहे. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे अमोनियम नायट्रेटचे मोठे उत्पादन होते.

कायद्याची चौकट १८८४ च्या स्फोटक अधिनियमाने घातली. त्याखाली १९१४, १९४०, १९८३ आणि २००८ मध्ये नियम करण्यात आले. स्फोटक विभाग १८९८ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्यालय आज नागपूर येथे आहे. १ एप्रिल २००४ पासून नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांवर देशात बंदी आली. २०११ मध्ये अमोनियम नायट्रेट स्फोटक म्हणून घोषित झाले आणि २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आले. १ एप्रिल २०२५ पासून विद्युत डिटोनेटरवरही बंदी लागू करण्यात आली.

७. विहीर, कालवा आणि धरण

स्वातंत्र्योत्तर काळात जुन्नर–आंबेगावच्या शेतीचे जे रूपांतर झाले, त्याच्या मुळाशी पाणी आहे आणि पाण्याच्या मुळाशी सुरुंग आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. धरणांचे पाये आणि खडकातून जाणारे कालवे यांची खोदाई सुरुंगांशिवाय अकल्पनीय होती. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावच बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव मात्र पाण्याखालील गावाचे आहे. फुटलेल्या कातळाचा लाभ खालच्या अंगाच्या शेतीला झाला आणि त्याची किंमत वरच्या अंगाच्या, प्रामुख्याने आदिवासी, गावांनी मोजली, हे या इतिहासाचे एक अटळ पान आहे.

धरणांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक व्यापक, असा वापर विहिरींसाठी झाला. बेसॉल्टच्या प्रदेशात मुरूम संपला की घट्ट पाषाण लागतो आणि तेथे कुदळ थांबते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर विहिरी खोदण्यास वेग आला. घण आणि पहारीने छिद्रे पाडण्याचे काम पुढे ट्रॅक्टरवरील कॉम्प्रेसरने होऊ लागले, आणि फुटलेला दगड यारीने वर काढला जाऊ लागला. दगडकामाची परंपरा असलेल्या वडार समाजातील कुटुंबांचा आणि स्थानिक भूमिहीन मजुरांचा या श्रमात मोठा वाटा राहिला आहे.

विहीर हे सुरुंगाच्या दृष्टीने सर्वांत अवघड स्थळ होय. उघड्या खाणीत वात पेटविल्यावर माणूस दूर पळू शकतो. विहिरीत त्याला वर चढावे लागते. स्फोटानंतर निर्माण होणारे कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे हे विषारी वायू तळाशी कोंडून राहतात. एखादा सुरुंग न उडता छिद्रातच राहिला, तर दुसऱ्या दिवशी पहार मारणाऱ्याच्या हातून तो उडण्याची भीती असते. विद्युत डिटोनेटरमुळे सर्व माणसे बाहेर आल्यावर वरून सुरुंग उडविणे शक्य झाले, हा विहीर कामगारांच्या दृष्टीने मोठाच दिलासा होता. गैरवापराच्या धोक्यामुळे हा डिटोनेटर आता बंद झाला आहे. त्याला शॉक ट्यूबसारखे बिनविद्युत पर्याय उपलब्ध आहेत. परंतु ते योग्य प्रशिक्षणासह खेड्यातील विहिरीच्या काठापर्यंत पोहोचणे ही वेगळी गोष्ट आहे.

८. सुरक्षिततेचा असमान प्रवास

वरील विवेचनातून एक विसंगती पुढे येते. स्फोटकाची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा हाताळण्यास सुरक्षित होती आणि प्रत्येक नवा नियम आधीच्यापेक्षा कडक होता. तथापि या सुधारणांचा प्रवास कारखान्यातून साठागृहापर्यंत आणि साठागृहातून परवानाधारकापर्यंत झाला. त्याच्या पुढची कडी, म्हणजे छिद्रात कांडी सरकविणारा हात, कागदावर फारसा उमटत नाही. नियमांनुसार सुरुंग उडविणारी व्यक्ती प्रशिक्षित व परवानाप्राप्त असावी लागते. मोठ्या प्रकल्पांवर ही अट पाळण्यासाठी यंत्रणा असते. एका शेतकऱ्याने आयुष्यात एकदा खोदलेल्या विहिरीवर अशी यंत्रणा असणे कठीण असते.

नियंत्रित स्फोटाचे शास्त्र महाराष्ट्रात किती प्रगत झाले, याची साक्ष कोयना प्रकल्प देतो. १३ मार्च १९९९ रोजी तेथे जलाशयाच्या तळाशी सुरुंग उडवून बोगदा थेट पाण्याला जोडण्यात आला. तेच राज्य आणि तोच बेसॉल्ट असूनही कोयनेचा अभियंता आणि विहिरीतील मजूर यांच्यामध्ये ज्ञानाचे मोठे अंतर आहे. कारखान्यांतील सुरक्षिततेबाबतही आत्मसंतुष्ट राहता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथील कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगार मृत्युमुखी पडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडारा आयुधनिर्माणीतील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. मात्र कारखान्यातील अपघाताची चौकशी होते, अहवाल होतो, बातमी होते. विहिरीतील अपघात बहुधा पोलीस ठाण्यातील एका नोंदीपलीकडे जात नाही. नोंद नाही म्हणून प्रश्न दिसत नाही, आणि प्रश्न दिसत नाही म्हणून उपाय होत नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) औद्योगिक स्फोटकांच्या इतिहासाची मध्यवर्ती प्रेरणा शक्ती वाढविण्याइतकीच नियंत्रण मिळविण्याची होती. बिकफर्डची वात, नोबेलची टोपी आणि इमल्शन स्फोटके हे त्याच शोधाचे टप्पे होत.

(२) साठवणुकीच्या सुरक्षिततेचे भान 'आज्ञापत्रा'च्या काळापासून आपल्याकडे होते. आधुनिक कायद्याने त्यास परवाना व तपासणीची शासकीय यंत्रणा दिली.

(३) जुन्नर–आंबेगावचा भूप्रदेश छिन्नी, दारू आणि रासायनिक स्फोटके या तिन्ही युगांच्या खुणा एकत्र दाखवितो. लेण्यांचा अभ्यास आपण करतो. कालव्यांच्या व विहिरींच्या खोदाईचा अभ्यासही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवा.

(४) वापराच्या टोकावरील श्रमिकांचा इतिहास अलिखित आहे. हाताने छिद्रे पाडून विहिरी खोदणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या जवळचे शब्द, खडक ओळखण्याच्या खुणा आणि अपघातांच्या आठवणी तिच्याबरोबरच नाहीशा होतील.

यांपैकी चौथा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांना थेट कामाला लावणारा आहे. इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन एकेका गावातील विहिरींची नोंद केली, त्या कोणी व कशा खोदल्या हे विचारले, तर मौखिक इतिहासाचे मोलाचे साधन उभे राहील. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या घरांतून आणि वस्त्यांतूनच ही माहिती मिळू शकते, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी ही कामे केलेली आहेत. नाणेघाट कोरणाऱ्या हातांची नावे आपण विचारू शकत नाही. विहिरी पाडणाऱ्या हातांची नावे अद्याप विचारता येतात, आणि अपघातांची अशी नोंद झाली तर पुढच्या सुरुंगाजवळ उभ्या राहणाऱ्या मजुराच्या प्रशिक्षणाची मागणी पुराव्यानिशी करता येईल.